चिपाडाचा ताप

मॅके, १२ ऑगस्ट २००२

प्रिय साल्वू,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. तुला ठाऊक असलेलं माझं अक्षर सिस्टरांनी छडीच्या धाकानं वळवलेलं, उभं आणि टोकदार होतं; आता बोटांचे सांधे सुजतात, त्यामुळं ते बसकं झालंय. पाकिटामागचं आडनाव वाचून तर तू आणखीच बुचकळ्यात पडला असशील. ते माझ्या नवऱ्याचं, नेनूचं. मी चेत्ता. तक्त्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात खिडकीशी टाइपरायटर घेऊन बसायची ती. पत्र फाडून टाकावंसं वाटलं तर एवढंच कर, शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

तीन दिवसांनी सांता मारियाचा सण. तिकडं माल्टात, गोझो बेटावर तुमच्या गावात आत्तापासून दिव्यांच्या माळा लागल्या असतील. इथली मिरवणूक आता चर्चच्या आवारातच एक चक्कर मारते आणि लोक सॉसेज खायला बसतात. बँड म्हणजे शाळेतली नऊ पोरं. तुला आठवतं, आपल्या वेळी तोडणीच्या आधी ऊस पेटवायचे आणि जळक्या पाचटाची काळी भुरभुर गावभर उडायची? एकसष्टच्या सणाला तुमचा अख्खा बँड पांढऱ्याशुभ्र गणवेशात निघाला आणि पुलाशी पोचेपर्यंत ठिपक्याठिपक्यांचा झाला. झटकायला गेलात तसा आणखीच माखलात. तुझा भाऊ विस्तिन ढोल बडवता बडवता शिव्या देत होता, फादर ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, आणि तू तुझं ते पितळी कॉर्नेट ओठांवरून काढायला तयार नव्हतास. माझी आई म्हणाली, "हा मुलगा श्वास कधी घेतो गं?" त्या दिवसापासून मी तुझ्याकडं बघायला लागले, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता ऊस हिरवाच कापतात, जाळत नाहीत. दोरीवरचे कपडे स्वच्छ राहतात. बरंच झालं म्हणायचं, पण ऑगस्ट आला की आभाळाकडं बघायची माझी सवय काही गेलेली नाही.

कारखाना बंद होऊन तेवीस वर्षं झाली. शेडचे पत्रे कुणी कुणी नेले, मैदानात आता आंब्यांची झाडं आहेत, आपोआप उगवलेली. मधल्या सुटीत तुम्ही जे आंबे खाऊन बाठे फेकायचात, त्यांचीच असणार. मी कधी कधी मुद्दाम तिकडून चालत जाते. गंजी कुठं होत्या ते अजून डोळे मिटून सांगेन. साखर मिलमधून रस निघाला की उरलेलं चिपाड तारांनी आवळून त्याच्या गाठी बांधायचे आणि मैदानात घराएवढाल्या गंजी रचून वर पत्रे टाकायचे. छताचे तक्ते करायला त्या गाठी फोडायची पाळी यायची वर्ष-दीड वर्षानं. मधला सगळा पावसाळा त्या गाठींनी खाल्लेला असायचा. फटींतून पाणी झिरपायचं, गाठी आतून तापायच्या, बुरशी धरायच्या. तुम्ही सहाजण शेडमध्ये आकडे लावून तारा तोडायचात आणि गाठ उघडली की आतून धूर निघावा तशी पांढरट धूळ उसळायची. खिडकीतून मला आधी ती धूळ दिसायची, मग तिच्यातून तुमची डोकी. शिळ्या पावाला येतो तसला वास. माझ्या केसांतसुद्धा बसायचा, मी तर तुमच्यापासून साठ पावलांवर होते. पहिल्या दिवशी तुम्ही नाकाला रुमाल बांधायचात, दुसऱ्या दिवशी उकडतं म्हणून तोच रुमाल गळ्यात.

तू पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आलास तो रजा लिहायला. मी रजिस्टर उघडून विचारलं, "कारण?" तू म्हणालास, "रात्री हुडहुडी भरली, ताप आला, खोकला थांबेना. पण सकाळी सगळं पळालं. आता खरं कारण लिहिलंस तर माझीच अब्रू जाईल." मी मॅनेजर प्रिंगलकडं बघितलं. तो मान वर न करता म्हणाला, "तुमच्या माल्टाच्या लोकांना इथली हवा मानवत नाही. सर्दी लिही." मी सर्दी लिहिली. पुढची दोन वर्षं सर्दीच लिहीत राहिले. तुम्ही लोक त्याला 'चिपाडाचा ताप' म्हणायचात आणि हसायचात. नवा माणूस आला की त्याला सांगायचात, एकदा येऊन गेल्याशिवाय तू आमच्यातला नाहीस. सकाळी जुनी गंजी फोडली की संध्याकाळी थंडी वाजायची, अंग मोडून यायचं, छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. रविवार घरी काढला की माणूस ठणठणीत, आणि सोमवारी पुन्हा तेच. तुझी रजा पडली की मी त्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीनं त्या दिवशी फोडलेल्या गंजीचा नंबर लिहायची. मग बाकीच्यांच्याही पुढं लिहायला लागले, म्हणजे कुणाला संशय नको. का लिहायची? तुझ्या नावापुढं आणखी काहीतरी लिहावंसं वाटायचं, एवढंच.

बासष्टच्या नाताळात आपला साखरपुडा झाला. त्या दिवशीचं सगळं मला आठवतं. उकाड्यानं केकवरचं क्रीम वितळलं होतं, माझे बाबा तुला कोपऱ्यात घेऊन ऊसतोडीच्या गोष्टी सांगत होते, आणि तुझी वहिनी, जूझा, पहिलटकरणीचा थाट मिरवत छोट्या लुचीयाला मांडीवर घेऊन बसली होती. तू कॉर्नेट वाजवायला उभा राहिलास आणि तिसऱ्याच ओळीला थांबलास. लोकांना वाटलं लाजलास. मला दिसलं की तुला श्वास पुरला नाही. आपण दोघांनी चीज भरलेल्या पास्तिझी खाल्ल्या आणि हसलो.

त्रेसष्टच्या मार्चात डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो काढला, त्यात डाग दिसले. त्या काळी डागांना एकच नाव होतं. थुंकीत जंतू सापडत नव्हते, तरी तुला दक्षिणेकडच्या टेकडीवरच्या क्षयाच्या इस्पितळात पाठवलं. तिथून तुझी पत्रं यायची. "तीन आठवड्यांत वजन वाढलं. डॉक्टर म्हणतात हवेचा गुण. मला वाटतं इथल्या नर्सांना माझं वाजवणं आवडतं त्याचा गुण." आई तुझी पत्रं चिमट्यानं उचलून उन्हात ठेवायची. दोन तास वाळली की मला द्यायची. मी तिच्याशी भांडले नाही, साल्वू. वाळलेली पत्रं घ्यायची आणि परसात जाऊन वाचायची. आज मला कुणी विचारलं की तू त्याचा हात नेमका कधी सोडलास, तर मी अंगठीचं नाव घेणार नाही. मी म्हणेन, त्या चिमट्याकडं बघून गप्प बसले तेव्हा.

सात महिन्यांनी तू परत आलास तो चांगला गुटगुटीत होऊन. प्रिंगल म्हणाला, जड काम नको, शेडमध्ये नुसती झाडलोट करू दे. आम्हांला वाटलं किती चांगला माणूस. तू दिवसभर तीच धूळ केरसुणीनं उडवत राहिलास. महिन्याभरात पुन्हा ताप, पुन्हा खोकला, आणि या वेळी रविवारनंही बरं वाटेना. तू विस्तिनच्याच घरी राहत होतास. लुचीया दोन वर्षांची झाली होती. तिला साल्वू म्हणता यायचं नाही, 'शाव्वू' म्हणायची. तू दमून ओट्यावर बसलास की ती कॉर्नेटची पेटी ओढत आणायची, तू तिला नुसतं तोंडाला लावायचं टोक काढून द्यायचास, आणि ती गाल फुगवून त्यात फुर्र करायची. मी ते स्वतः पाहिलंय. जूझा भांडी घासता घासता म्हणायची, "हिला बँडमध्ये घेतलं की तुझी सुट्टी." तू सुखात होतास तिथं.

पुढचं तुला मी कशाला सांगू? तरी लिहिते, कारण आपल्यात ते कुणीच कधी मोठ्यानं बोललं नाही. चौसष्टच्या फेब्रुवारीत लुचीयाला खोकला झाला, ताप चढला, आणि आठव्या दिवशी ती गेली. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. कागद कोण वाचतं. बायकांनी तोंड करून दाखवलं, असं गाल फुगवून, की तुझा क्षय त्याच पिपाणीतून गेला पोरीच्या पोटात. दफनाच्या वेळी तू बाजूला, कुंपणाशी उभा होतास. विस्तिन तुझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "तू माझ्या घरात यायला नको होतंस." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी कळलं की तू कॉर्नेट पुलावरून नदीत टाकलंस. त्याच आठवड्यात मी अंगठी बाबांच्या हाती तुझ्याकडं पाठवली. स्वतः यायला हवं होतं. एप्रिलमध्ये तू गाडीनं ब्रिस्बेनला, तिथून बोटीनं घरी गेलास. गाडी सव्वादहाची होती. सव्वादहाला मी एका पत्राची तिसरी प्रत टाइप करत होते.

त्यानंतरचं माझं आयुष्य वाईट गेलं नाही, हे तुला सांगायला हवं. पासष्टच्या फेब्रुवारीत नेनूशी लग्न झालं. तो मिलच्या लहान रुळांवरची उसाची इंजिनं चालवायचा. कमी बोलणारा, जेवायला बसला की आधी माझ्या ताटात वाढणारा माणूस. दोन मुली झाल्या, दोघी शिक्षिका आहेत. तो जाऊन पावणेदोन वर्षं झाली. भाजीच्या वाफ्यात वाकला तो उठलाच नाही. विस्तिन मात्र एकोणनव्वदमध्येच गेला, ते तुला कळलं असेल. त्यानं शेवटी स्वतःचं उसाचं रान घेतलं होतं. बँडमध्ये तो पुन्हा कधी गेला नाही. जूझाला पुढं दोन मुलगे झाले. घरात लुचीयाचा फोटो आहे, आणि तुझा एकही नाही.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी कालपासून चार कागद फाडलेत.

तू गेल्यावर चार महिन्यांनी, ऑगस्टात, आरोग्य खात्याच्या डॉक्टर टूमी ब्रिस्बेनहून कारखान्यात आल्या. प्रिंगलच्या मेहुण्याला दोन महिने शेडवर देखरेखीला ठेवलं होतं, त्यालाही तस्साच ताप यायला लागला, तेव्हा कुठं वरून चौकशी झाली. पन्नाशीची बाई, पायात पुरुषी बूट, बोलणं थेट. तीन दिवस शेडमध्ये बसली, बाटल्यांत धूळ भरून घेतली, अकरा जणांच्या छातीचे फोटो काढवले. मग माझ्याकडं रजेचं रजिस्टर मागितलं आणि पानं उलटता उलटता थांबली. "हे पेन्सिलीचे आकडे कुणाचे?" मी म्हटलं, माझे. "कशाला लिहिलेत?" मी म्हटलं, सवय. तिनं मला खुर्ची ओढायला लावली आणि आम्ही दोघींनी दोन दिवस ताळा जमवला. नव्या कोरड्या गाठी फोडल्या त्या दिवसांत ताप नाही. भिजून बुरसलेली जुनी गंजी उघडली की पाच-सहा तासांनी ताप. प्रत्येक वेळी. ती म्हणाली, "बाई, तुम्ही माझं महिन्याचं काम करून ठेवलंय." आणि मग तिनं विचारलं, "हा साल्वू सगळ्यांत जास्त वेळा आहे. तो कुठाय?"

तिचा अहवाल ऑक्टोबरात आला. प्रती मीच टाइप केल्या. त्यात लिहिलं होतं की हा क्षय नाही. बुरशी धरलेल्या चिपाडाची बारीक धूळ फुप्फुसात खोलवर जाते आणि तिथं सूज आणते. धुळीपासून लांब गेलं की माणूस सुधारतो, परत आला की परत पडतो, आणि फार काळ चाललं तर फुप्फुसं कायमची ताठ होतात. एकाचं दुसऱ्याला होत नाही. श्वासातून नाही, थुंकीतून नाही, कपबशीतून नाही. तिसऱ्या पानावर तुझ्याबद्दल होतं. तुझे फोटो तिनं त्या इस्पितळातून मागवून पाहिले होते. क्षयाचं निदान चुकीचं, आजार हाच. त्याखाली आणखी एक ओळ होती, कारण कामगार घाबरून तिला त्या पोरीबद्दल विचारत होते. तिनं दवाखान्यात जाऊन लुचीयाचे कागद काढून पाहिले होते. पोरीला डांग्या खोकला झाला होता, तोच छातीत उतरला. त्या महिन्यात आपल्या पट्ट्यात आणखी पाच मुलांना तो झाला होता. क्षयाचं कसलंही लक्षण नव्हतं.

ते पान याच पाकिटात आहे. कारखाना बंद झाला तेव्हा कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडंच आलं, तेव्हा मी ते घरी आणलं.

प्रिंगल म्हणाला, "हे कपाटात ठेव. गावात चर्चा नको, माणसं काम सोडतील." पण काम सुधारलं, ते खरं. गाठींवर पाणी मारून मगच फोडायला लागले, मैदानावर नीट छप्पर घातलं, पुढं यंत्र आलं, मुखवटे आले. लोकांना वाटलं कंपनीला दया आली. का केलं ते कुणी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती वर्षभरात संपली, लग्न झाल्यावर मी नोकरी सोडून दिली आणि पुढं दहा वर्षांनी पुन्हा धरली. मग? मग असं होतं की तुला क्षय नव्हता असं सांगायचं म्हणजे मी आणि आईनं तुला फुकाच टाकलं असं सांगायचं. आई जिवंत होती. नेनूच्या घरात पाळणा हलत होता. रोज वाटायचं, आता सांगून काय होणार, तो गेला, पोर गेली. एखादी गोष्ट आज नाही सांगितली की उद्या ती आणखी जड होते, आणि दहा वर्षांनी ती उचलतच नाही. विस्तिन आजारी होता तेव्हा मी त्याला भेटायला दोनदा गेले, दोन्ही वेळा तोंडाशी आलं, दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. तो तुला दोष देतच गेला. हे माझ्याच पदरात आहे, आणि हे कुणाला परत करता येणार नाही.

मला स्वतःला मी अशी समजूत घालत होते की तू तिकडं मजेत असशील. बरा झाला असशील, बायको असेल, मुलं असतील, आमची आठवणही नसेल. गेल्या आठवड्यात तुझा मावसभाऊ पेप्पी इथं पुतणीच्या लग्नाला आला. तो जुनी मंडळी शोधत फिरत होता, तसा माझ्याकडंही आला. माझ्या चहाला नावं ठेवली, "तुमच्याकडं चहा म्हणजे गरम पाणी दाखवून आणलेलं," म्हणाला, तीन कप प्याला, आणि गावातल्या एकेकाची नक्कल करून मला खूप हसवलं. मग मी सहज विचारल्यासारखं तुझं विचारलं. तो म्हणाला, "साल्वू ना? आहे, बरा आहे. घड्याळं दुरुस्त करतो. एकटाच असतो. जरा विचित्र आहे बिचारा. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की येतो, पण चर्चच्या आत येत नाही, पायऱ्यांवर उभा राहतो. आमची नात त्याच्याकडं हात पसरून रडली तरी हात मागं बांधून उभा. जेवायला बोलावलं तर स्वतःचा पेला खिशातून काढतो. आम्ही हसतो त्याला." तो पुढंही काहीतरी बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं. अडतीस वर्षं, साल्वू. मी इथं मुली वाढवत होते, आणि तू तिथं हात मागं बांधून उभा होतास.

पेप्पी गेला तशी मी ते पान पर्समध्ये घालून जूझाकडं गेले. ती कणीक मळत होती. मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून तिसरं पान मी वाचून दाखवलं. डांग्या खोकल्याच्या ओळीशी तिनं मला थांबवलं आणि ती परत वाचायला लावली. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "चौसष्टपासून." तिनं हात धुतले, पुसले, आणि मागच्या दारी जाऊन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उलट्या बादलीवर बसली. मी आत उभी. कणकेवर पापुद्रा धरेपर्यंत ती आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "चेत्ता, मी रोज त्याला माफ करत आले. रोज सकाळी उठून, मेणबत्ती लावून. एक दिवस चुकवला नाही. आणि त्यात माफ करण्यासारखं काही नव्हतंच." मी रडायला लागले तर तिनं मला गप्प केलं. "तुझ्यावर रागवायचंय मला. चांगलं वर्षभर पुरेल एवढं. पण ते मी नंतर करीन. आधी घरी जा आणि त्याला लिही. माझं अक्षर त्याला वाचता यायचं नाही."

तेव्हा हे पत्र माझं आहे तसंच जूझाचंही आहे, आणि तिनं जे सांगायला सांगितलंय ते तिच्याच शब्दांत लिहिते. तिच्या धाकट्या मुलाला लग्नानंतर अकरा वर्षांनी, गेल्या महिन्यात मुलगी झाली. बाप्तिस्मा नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. मुलाला तिनं कालच सगळं सांगितलं, सून पण बसली होती. धर्मपिता कोण व्हायचा यावर त्यांच्यात वाद चालू होता, तो तिनं मिटवला. ती म्हणाली, "त्याला लिही, सुनेच्या माहेरच्यांचं नाव घेतलं जातंय, पण मी ऐकणार नाही. दीर असताना बाहेरचा कशाला? पैशाची अडचण असली तर मुलगा तिकीट काढेल. घर तेच आहे, खोली तीच आहे. आणि लिही की त्यानं पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. आत यायचं, अगदी पुढं. पाणी घालताना बाळाला त्यानंच दोन्ही हातांनी धरायचं. ती रडली तरी सोडायचं नाही." मला स्टेशनवर येऊ द्यायचं की नाही ते तू ठरव, नको म्हणालास तरी चालेल. जूझाला मात्र लगेच कळव. ती रोज फाटकाशी पोस्टमनची वाट बघत थांबणार आहे.

एकेकाळची तुझीच,
चेत्ता